‘जगणं नको वाटतं का?’ हे विचारल्यानंतरची कामं

घरातलं कुणी “आता नको झालंय सगळं” म्हणालं की आपल्याकडची उत्तरं ठरलेली असतात. “शुभ बोल रे नाऱ्या” हे एक. “लोकांची दुःखं बघ, तुझं काहीच नाही” हे दुसरं. आणि घाबरलेल्या आईचं तिसरं: “माझ्या गळ्याची शपथ घे, तसलं काही करणार नाहीस.” तिन्हींत माया असते, पण तिन्हींनी बोलणं तिथंच मिटतं. शपथ घेतलेला माणूस पुढच्या वेळी विचार आला तर सांगत नाही, कारण आता सांगणं म्हणजे शपथ मोडणं. काही ठिकाणी डॉक्टरही पूर्वी रुग्णाकडून “मी स्वतःला इजा करणार नाही” असं लिहून घेत. अशा कागदाने आत्महत्या टळतात याला पुरावा मिळालेला नाही.

मग काय करायचं? थेट विचारायचं, हाताशी असलेलं जीवघेणं साधन लांब न्यायचं, इलाजापर्यंत सोबत जायचं आणि नंतर संपर्क तुटू द्यायचा नाही. यातल्या इलाजाला डॉक्टर लागतो. बाकीची कामं भाऊ, सासू, वर्गशिक्षक, आशाताई, खोलीतला जोडीदार, कुणीही करू शकतं, आणि त्यातली बरीच डॉक्टरपेक्षा त्यांनाच नीट जमतात.

हे वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात असे विचार असतील तर पुढचा लेख नंतर वाचला तरी चालेल. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. धोका आत्ताच आहे असं वाटत असेल तर ११२ किंवा १०८ लावा, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला नुसतं “मला एकटं ठेवू नकोस” एवढं सांगा. कारण सांगायची गरज नाही.

आकडे काय सांगतात आणि काय लपवतात

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात २२,७४६ नोंदींसह महाराष्ट्र सर्वांत वर होता. आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी उभा राहतो, आणि तो प्रश्न खराच आहे: त्या वर्षी देशभरात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जण गेले. पण त्याच अहवालात गृहिणी २५,३०९ आहेत, विद्यार्थी १३,०४४ आहेत, आणि एकूण नोंदींतला चौथ्या हिश्शाहून मोठा वाटा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा आहे. त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत.

अहवालात प्रत्येक मृत्यूपुढे कारणाचा एक रकाना असतो: कौटुंबिक समस्या, आजारपण, कर्ज, परीक्षा. हा रकाना पोलीस तपासातून भरला जातो. प्रत्यक्षात एका कारणाने माणूस मरणापर्यंत जातो असं फार क्वचित होतं. महिनोन्महिने न ओळखलेलं नैराश्य, रोजची दारू, सांधेदुखीने उडालेली झोप, डोक्यावरचं कर्ज, त्यात एका संध्याकाळी झालेला अपमान, आणि त्या क्षणी हाताला लागलेलं साधन, असं सगळं एकत्र येतं. “मार्क कमी पडले म्हणून” असं एका ओळीत सांगितलं की दोन गोष्टी बिघडतात. ज्यांचे मार्क कमी पडलेत त्यांना हा जणू ठरलेला रस्ता वाटू लागतो, आणि ज्या पाच-सहा जागी हे थांबवता आलं असतं त्या नजरेआड होतात.

स्वतःला इजा करणं आणि मरू पाहणं

हातावर, मांडीवर स्वतःच जखमा करून घेणारी मुलं-मुली बहुतेक वेळा त्या क्षणी मरू पाहत नसतात. आत साचलेली भावना इतकी असह्य झालेली असते की शरीराचं दुखणं त्यापेक्षा सोपं वाटतं. काहींना उलट काहीच जाणवेनासं झालेलं असतं आणि दुखलं की आपण आहोत हे कळतं. काही जण स्वतःला शिक्षा देत असतात. थोडा वेळ खरंच हलकं वाटतं, म्हणून ते पुन्हा होतं. “लक्ष वेधून घ्यायला करते” असं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की अशा जखमा बहुतेक वेळा पूर्ण बाह्यांखाली लपवलेल्या असतात.

म्हणजे काळजीचं कारण नाही असं मात्र नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि हेतू दिवसागणिक बदलू शकतो. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: “हे करायच्या आधी काय झालं होतं?” आणि “मरून जावं असंही वाटतं का?” आधी जखमेकडे बघा, स्वच्छ करा, गरज असेल तर टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. रोज बाह्या वर करून तपासणी घेतली की जागा बदलते आणि बोलणं बंद होतं. ज्यांच्यात हे वारंवार होतं त्यांच्यासाठी भावनांची लाट ओळखायला आणि ती ओसरेपर्यंत तग धरायला शिकवणाऱ्या मानसोपचार पद्धती आहेत. त्यांतली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बरीच तपासून पाहिलेली आहे. महिने लागतात, एका समुपदेशनात होत नाही.

मधला वेळ

या विषयात ज्या गोष्टीवर सगळा प्रतिबंध उभा आहे ती अशी: मरणाचा विचार महिनोन्महिने येत-जात राहू शकतो, पण तो कृतीत उतरण्याचा टोकाचा काळ सहसा थोडा असतो. अनेकांत तो मिनिटांत किंवा तासांत मोजण्याइतका. त्या वेळी विचार आखडतो, दुसरा रस्ता दिसतच नाही, आणि तरीही मनाचा एक भाग जगू पाहत असतो. म्हणूनच तीच व्यक्ती सकाळी दवाखान्याची तारीख घेते आणि रात्री चिठ्ठी लिहायला बसते. दोन्ही खरं असतं.

“ज्याला मरायचंच आहे तो काहीही करून मरेल” हा समज म्हणूनच चुकीचा. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत साधारण दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत असं दिसतं. यातला उरलेला एकही दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण आधी केलेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण आहे. तरी मुद्दा हा की तो मधला वेळ निभावला तर बहुतेक माणसं जगतात.

कधी आणि कसं विचारायचं

काही खुणा बोलण्यातून येतात: “मी नसलो की सुटाल सगळे”, “मुलांकडे लक्ष दे हं माझ्या मागे”. काही वागण्यातून: झोप पार उडणं, दारू अचानक वाढणं, आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, देणी-घेणी घाईने मिटवणं, नातेवाइकांना निरोप घेतल्यासारखे फोन. एक खूण घरच्यांना हमखास फसवते. आठवडाभर तगमग करणारा माणूस एकाएकी शांत, हसरा होतो आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. कधी तो खरंच सावरलेला असतो. कधी त्याने ठरवून टाकलेलं असतं. म्हणून अशा अचानक शांततेनंतर विचारायला अधिकच हवं.

काही दिवसही धोक्याचे असतात. मानसिक आजाराच्या वॉर्डातून सुट्टी मिळाल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पुढचे तीन महिने. निकालाचा दिवस. वसुलीची नोटीस दारात आली तो दिवस. नातं तुटल्यानंतरचे दिवस. बाळंतपणानंतरचे महिने, विशेषतः आई झोपत नसेल आणि “मी बाळाच्या लायकीची नाही” म्हणत असेल तर.

विचारल्याने डोक्यात विचार घुसेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. यावर झालेल्या अभ्यासांत विचारल्यामुळे धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. बऱ्याच जणांना उलट सुटल्यासारखं होतं.

अडचण येते ती शब्दांची. “तसलं काही मनात नाही ना?” हा प्रश्न नव्हेच, ते उत्तर आहे. समोरचा “नाही” म्हणून मोकळा होतो आणि विचारणाराही. त्याऐवजी आधी जे दिसलं ते सांगा, मग विचारा. “दादा, पंधरा दिवस तू नीट जेवत नाहीस, रात्री अंगणात फिरत असतोस. इतका त्रास झाला की कुणाकुणाला जगू नये असं वाटतं. तुला वाटतं का तसं?” वडिलांना विचारताना जीभ अडखळते, तरी शब्द तेच: “बाबा, तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?” शेवटचा शब्द गिळू नका. तो आपण उच्चारू शकलो की समोरच्यालाही बोलता येतं.

जागा साधी निवडा. चालता चालता, गाडीवरून उतरल्यावर, भांडी आवरताना; समोरासमोर बसवून चौकशी नको, आणि चार नातेवाईक जमवून तर मुळीच नको. विचारून झाल्यावर थांबा. शांतता दहा-वीस सेकंद चालली तरी ती भरून काढू नका. उत्तर “हो” आलं तर पहिलं वाक्य एवढंच पुरे: “सांगितलंस ते बरं झालं. मी आहे इथं.” “मुलांचा तरी विचार कर” हे वाक्य त्या क्षणी आधार देत नाही. आपण मुलांवर ओझं आहोत असं त्याला आधीच वाटत असतं. गुपित ठेवण्याचं वचनही देऊ नका. “तुझा जीव धोक्यात असेल तर मी आणखी एकाला सांगणार, पण तुला कळवून सांगणार” असं म्हणा.

“हो” नंतर काय विचारायचं

जगभर वापरल्या जाणाऱ्या कोलंबिया प्रश्नावलीचा क्रम इथे कामाला येतो. ती चढत जाते. गेल्या महिन्यात मेलेलं बरं किंवा झोपेतून उठूच नये असं वाटलं का? प्रत्यक्ष आत्महत्येचे विचार आले का? दुसऱ्याचं उत्तर “नाही” असेल तर थेट शेवटच्या प्रश्नावर जायचं. “हो” असेल तर पुढचे तीन: कसं करायचं याचाही विचार झाला का? तसं करण्याचा इरादा थोडाफार तरी होता का? तपशील, वेळ, जागा ठरवायला सुरुवात केली का? आणि शेवटचा सगळ्यांना: आयुष्यात कधी काही केलंत का, करायला सुरुवात केलीत का, तयारी केलीत का, आणि ते गेल्या तीन महिन्यांतलं आहे का?

नुसतं “उठू नये असं वाटतं” असेल तर या आठवड्यात डॉक्टरची भेट, आणि रोज बोलणं. पद्धतीपर्यंत विचार गेला असेल तर साधन आजच लांब, भेट एक-दोन दिवसांत. इरादा, ठरलेली योजना किंवा अलीकडची कृती यांतलं काहीही असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमची कडी आतून लावू द्यायची नाही, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग विचारा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. रात्र असेल तर कोणताही अपघात विभाग.

प्रश्नावली भविष्य सांगत नाही. गुण मोजून “कमी धोका, मध्यम धोका, जास्त धोका” असे शिक्के मारण्याची सवय वैद्यकात बरीच रुळली होती. डॉक्टरांसाठी उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं की अशी साधनं पुढची आत्महत्या कोण करेल हे ओळखायला किंवा कुणाला उपचार द्यायचे हे ठरवायला वापरू नयेत. कारण साधं आहे: आत्महत्येने गेलेल्या बऱ्याच जणांवर आधी “कमी धोका” असाच शिक्का असतो. त्यामुळे “हा करेल का?” यावर डोकं खपवण्यापेक्षा “याला आज रात्र निभवायला काय लागेल?” हे विचारा.

साधन लांब नेणं

घरच्यांना हे काम सर्वांत क्षुल्लक वाटतं. पुरावा मात्र सर्वांत भक्कम याचाच आहे.

श्रीलंकेत १९९५ साली आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ४७च्या आसपास होतं, जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी एक. त्यातल्या बऱ्याचशा कीटकनाशकांमुळे होत्या. तिथल्या सरकारने सर्वांत जहाल औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, १९९५च्या सुमारास, १९९८ साली आणि पुन्हा २००८ ते २०११ या काळात. पुढच्या दोन दशकांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. लोकांची दुःखं काही ७० टक्क्यांनी घटली नव्हती. संतापाच्या भरात हाताला लागत होतं ते कमी जहाल झालं, म्हणून माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचू लागला. बंदीमुळे भाताचं पीक घटल्याचंही दिसलं नाही.

मग घरोघरी कुलपाची पेटी दिली तर? हाही प्रयोग श्रीलंकेतच झाला, १८० गावांत, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले: पेट्या दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत विषबाधेच्या प्रमाणात ठोस फरक नव्हता. पेटी घरात, किल्लीही घरात. हंगामाच्या घाईत कुलूप लावायचं राहून जातं. शिवाय दुकान उघडंच असतं. याउलट तमिळनाडूत कट्टुमन्नारकोइल भागात मनोविकारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटाने गावाबाहेर सामायिक कोठार करून पाहिलं: प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाचा कप्पा आणि देखरेखीला माणूस. छोटाच प्रयोग, पण कोठार असलेल्या गावांत प्रकार कमी झाले आणि शेतकऱ्यांनी ते वापरलंही. कुलपापेक्षा अंतर आणि मधला दुसरा माणूस कामाला आला. आपल्या गावात कोठार नसेल तरी हे तत्त्व वापरता येतं: फवारणीच्या दिवसापुरतंच औषध आणायचं, उरलेलं घरात किंवा गोठ्यात न ठेवता भावकीत दुसऱ्याच्या शेतावरच्या कुलपात, आणि मोकळे डबेही घरात नकोत.

शहरात हाच हिशेब गोळ्यांचा. घरात साठलेल्या पट्ट्या, गेलेल्या आजोबांची उरलेली औषधं, जुने डबे, सगळं एकदा बाहेर काढा. चालू औषधं एका माणसाच्या ताब्यात, आणि डॉक्टरांना महिन्याऐवजी सात दिवसांचीच लिहून द्यायला सांगा. दारू घरातून काढणं हेही यातच येतं, कारण ती विचार आणि कृती यांमधला थोडासा अडसरही काढून टाकते. आणि हे चोरून करू नका. “काही दिवस हे माझ्याकडे ठेवतो, तुला बरं वाटलं की परत” असं सांगून, शक्यतो त्याच्याच हाताने द्यायला लावा. साधन कोणतं हे त्यानेच सांगितलेलं असतं, त्यामुळे लपवाछपवी केली तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही.

एका पानाचा आराखडा

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला सुरक्षा-आराखडा, म्हणजे विचारांची लाट आली की काय करायचं याची आधीच लिहून ठेवलेली यादी, ही या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी कागदी वस्तू म्हणावी लागेल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्याला पाठपुराव्याच्या फोनची जोड दिली तेव्हा सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या; हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लिहायला अर्धा-पाऊण तास लागतो. लाट ओसरलेली असताना, शक्यतो समुपदेशकासोबत लिहायचा, आणि शब्द त्या माणसाचेच हवेत.

सुरुवात होते माझ्या स्वतःच्या धोक्याच्या खुणांनी. “वाईट वाटतं” असं लिहून भागत नाही; “रात्री दोनला जाग येते आणि हिशेब मांडत बसतो” असं हवं. दुसरं, एकट्याने करता येईल असं काही, ज्याने पंधरा-वीस मिनिटं जातील. इथे हमखास चूक होते: डॉक्टर सांगतात म्हणून “प्राणायाम” लिहिला जातो, जो त्याने कधी केलेला नाही. जुनी कीर्तनं लावणं, थंड पाण्याने डोकं धुणं, जे खरंच होईल तेच लिहा. तिसरं, मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा, जिथं त्रासाबद्दल बोलायलाच हवं असं नाही: पारावरची मंडळी, भावाचं दुकान. चौथं, ज्यांना खरं सांगता येईल अशी दोन-तीन नावं, क्रमांकासह. त्या माणसांना आधी विचारलेलं असावं. रात्री फोन बंद ठेवणारा किंवा स्वतः पिणारा मित्र या यादीत नको. पाचवं, डॉक्टर, जवळचं रुग्णालय, १४४१६. हा क्रमांक तिथल्या तिथे एकदा लावून बघा, म्हणजे पहिला फोन संकटात करावा लागणार नाही. सहावं, साधन लांब नेण्याचं: कोणतं, कोणाकडे, आज किती वाजता.

प्रत्येक पायरीपाशी एक प्रश्न विचारायचा: “हे खरंच करशील का? काय आड येईल?” “ताईला फोन करीन, पण तिच्या सासरी बोलता येत नाही” असं उत्तर आलं तर आत्ताच बदला. पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा. वरून खाली क्रमानेच जायचं बंधन नाही. लाट मोठी असेल तर थेट पाचवीवर.

रुग्णालयात खरं सांगा

काही घडलंच असेल तर तासभर वाट पाहू नका. माणूस चालता-बोलता दिसला तरीही नाही. काही विषांचा आणि काही साध्या गोळ्यांचाही परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी करवू नका. घेतलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि मिठाचं पाणी स्वतःच घातक ठरतं. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. कपड्यांवर औषध सांडलं असेल तर स्वतःच्या हातांना न लागू देता कपडे काढा आणि अंग भरपूर पाण्याने धुवा. डबा किंवा पट्टी सोबत न्या.

आणि “चुकून प्यायले” असं सांगू नका. पोलिसांच्या भीतीने घरचे हे हमखास सांगतात. मग शरीरावर उपचार होतात, मनोविकार विभागाला कुणी बोलावत नाही, आणि माणूस होता तसाच घरी येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला काळजी, उपचार, पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३०९ कलमासारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाच उरलेला नाही; सरकारी अधिकाऱ्याला कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६खाली येतो. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण तो म्हणजे खटला नव्हे. तातडीचे उपचार आधी, कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना १९८९ सालीच बजावलेलं आहे. सुट्टी मिळण्याआधी मनोविकारतज्ज्ञांनी पाहिलं का, पुढची तारीख कोणती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका.

औषधं सुरू झाली तर नैराश्यावरच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या दिवसांत आणि मात्रा बदलताना अस्वस्थता, तगमग किंवा मरणाचे विचार वाढताहेत का यावर लक्ष ठेवा, आणि तसं दिसलं तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घरी आल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो आणि ब्राझील, इराण, चीनमधल्या तीन ठिकाणी मिळून एक प्रयोग केला. प्रयत्नातून वाचून अपघात विभागात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याशिवाय तासभराची माहिती आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. वेळापत्रक असं: १, २, ४, ७ आणि ११व्या आठवड्यात, मग ४, ६, १२ आणि १८व्या महिन्यात. शेवटी आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. आणि त्या भेटींत काही भारी उपचार नव्हते. कसं चाललंय, काही मदत लागेल का, एवढंच.

आपल्याकडे विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम हा उपक्रम २०११पासून काही वर्षं चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी, पारावर बैठका घेतल्या, नैराश्य ओळखायला शिकवलं, समुपदेशकापर्यंत आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय त्यालाच देता येणार नाही. तरी मनोविकारतज्ज्ञ जवळ नसलेल्या भागात काय जमू शकतं हे त्यातून कळतं.

घरातल्या माणसाने वरचंच वेळापत्रक उचलावं, सुरुवातीला जरा दाट करून. पहिले दोन आठवडे रोज एक फोन किंवा चहा, मग आठवड्यातून दोनदा, तिसऱ्या महिन्यानंतर आठवड्याला एक. बोलण्यात दर वेळी तोच विषय नको, तीन-चार फोनांत एकदा सरळ विचारा, “ते विचार येतात का अजून?” बाकी वेळा पाऊस, क्रिकेट, सोयाबीनचा भाव. नुसता “कसा आहेस?” असा मेसेज टाकला तर “बरा” एवढंच येतं, त्यापेक्षा “काल झोप किती तास लागली?” याला खरं उत्तर मिळतं. दोन-तीन जणांनी वार वाटून घ्या, कारण एकाच माणसावर भार पडला की दुसऱ्या महिन्यात तो थकतो, चिडतो आणि फोन चुकू लागतात.

ठरलेल्या वेळी फोन उचलला गेला नाही तर काय करायचं हेही आधीच ठरवून, त्याला सांगून ठेवा: पंधरा मिनिटांनी पुन्हा एक फोन, मग मेसेज, मग आराखड्यातल्या दुसऱ्या नावाला फोन करून दारात जाऊन बघायला सांगायचं. “सकाळी बघू” असं कुणी म्हणायचं नाही. दहा वेळा तो नुसता झोपलेला निघेल आणि उठवलं म्हणून वैतागेल. वैतागू द्या.